शिट्टीऐवजी थाळी

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडनं भलती अपेक्षा ठेवायला नको. अंगणवाडीत पोरांपुढं माझा आवाज खणखणीत, बाप्यांनाही चार शब्द सुनवायला मी मागंपुढं बघत नसे, त्यामुळं वस्तीत सगळ्यांचा समज असा, की बाई धीट आहे. कसली धीट! ऊस डोक्याच्या वर गेला, की दुपारची अंगणवाडीतनं घरी येताना मी मोठमोठ्यानं खोकत चालायची. पान सळसळलं तरी काळजात धस्स व्हायचं. कुत्रं निघालं तर त्याला शिव्या द्यायच्या आणि पुढच्या बांधापर्यंत जवळजवळ पळायचं, अशी माझी रोजची कथा.

आमची वस्ती इंदापूर तालुक्यातली, सणसरच्या बाजूला, कालव्याला लागून. नाव सांगत नाही. ती माणसं अजून आहेत आणि मला अजून त्यांच्यातच राहायचं आहे. वीसेक उंबरे, बहुतेक सगळे ऊसवाले शेतकरी, आणि त्यात कडेला आमची चार घरं बौद्धांची. माझे वडील, आबा, नोकरीतनं निवृत्त होऊन तीन एकर ऊस करत होते. आबांची थोरली बहीण, आमची आत्या, आमच्यातच असायची. माझं लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. ती रडकथा इथं उगाळत नाही. आई आमची लवकर गेली, तेव्हा धाकटी बहीण फ्रॉक घालत होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, तिला बारावीपर्यंत मी रेटलं, आणि सांगवीचं स्थळ आलं तेव्हा मुलाला चार आडवेतिडवे प्रश्नही मीच विचारले. मुलगा बारामतीच्या एमआयडीसीत लेथवर कामाला होता. बोलायला कमी, कामाला वाघ. मला पसंत पडला.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आमच्या भागात दिवसा चोऱ्या व्हायला लागल्या. रात्रीच्या चोरीची माणसाला सवय असते. कडी लावतो, कंदील बारीक करून ठेवतो, कुत्रं सोडतो. पण दुपारी काय करायचं? बापे रानात, पोरं शाळेत, घरात एखादी म्हातारी नाहीतर बाळंतीण, आणि चहूबाजूंनी ऊस. शेजारच्या वस्तीवर एका म्हातारीच्या कानातल्या कुड्या ओढून नेल्या. कुड्या नेल्या त्याचं काही नाही, पण कानाची पाळी खालपर्यंत चिरली. मी बघायला गेले होते. ती म्हातारी नुसती दाराकडं बघत होती. ते बघून आल्यावर मला दोन दिवस भाकरी गेली नाही. आमच्या बायका भर दुपारी आतनं कडी लावून बसायला लागल्या. चुलीचा धूर घरातच कोंडायचा, डोळे चुरचुरायचे, पण दार उघडायची कुणाची छाती नाही.

मग ठाण्यातनं नवे फौजदार आले, जीपमधनं, शाळेच्या पटांगणात बैठक घ्यायला. तरणे होते, बोलायला गोड होते. म्हणाले, आमची माणसं मूठभर, गावं ढीगभर, तुमच्या मदतीशिवाय आमचं काही चालायचं नाही. पोलीस म्हणजे तुमचे शत्रू नव्हेत. खरं सांगते, मला बरं वाटलं. आजवर जीप आली, की आमच्या चार घरांची माणसं आधी घरात जायची. ह्या माणसानं आबांना खुर्ची दिली. ग्रामरक्षक दल काढलं, तरण्या पोरांची नावं घेतली, काठ्या वाटल्या. दलाचे प्रमुख केले आमचे पोलीस पाटील. सगळी वस्ती त्यांना तात्या म्हणायची. मोठ्या बागायतीचे मालक, पण माणूस चांगला. अंगणवाडीला खोली मिळवून दिली ती त्यांनीच. आणि बायकांमधनं समितीत नाव घातलं माझं. फौजदारसाहेब म्हणाले, "बाई प्रत्येक घरात जातात, प्रत्येक पोराला ओळखतात. ह्यांच्याएवढी माहिती आम्हालाही नसते." माझी मान दोन बोटं वर झाली.

चोरांचं वर्णनही त्यांनी सांगितलं. अंगात नुसतं बनियन असतं, पायात काही नसतं, उसातनं येतात आणि उसातनं जातात. "अनोळखी माणूस बनियनवर पळताना दिसला, की समजा." सगळ्यांनी माना हलवल्या.

मग निघाल्या शिट्ट्या. घरटी एक, लोखंडाची, दोरी लावलेली. दुपारी घरात बायकाच असतात, तेव्हा संशय आला की शिट्टी वाजवायची, दल धावत येईल. शिट्ट्या बायकांच्या हातात आल्या आणि सगळ्या पदराआड फिदीफिदी हसायला लागल्या. बाईमाणसानं शिट्टी वाजवायची? एका सासूनं सुनेच्या हातातली काढून सरळ नातवाच्या गळ्यात घातली. "आमच्यात बाया शिट्टी मारीत न्हाईत साहेब," असं ती म्हणाली आणि विषयच संपवला. फौजदार बिचारे गोंधळले. त्यांना वाटलं होतं पैशांची अडचण येईल, माणसांची येईल. ही अडचण त्यांच्या कुठल्या कागदात नव्हती.

तेव्हा मी उठले. माझ्या तोंडाला कधी गप्प बसायची शिस्त नाही. म्हणाले, "साहेब, शिट्टी ऱ्हाऊ द्या. थाळी वाजवू. थाळी-पळी प्रत्येकीच्या हाताशी असतीय, लाजायचं कारण न्हाय, आणि आवाज कालव्याच्या पल्याड जातोय." पुढंही मीच जोडलं, की जिला ऐकू येईल तिनं आधी आपली थाळी वाजवायची, मग दाराला कडी लावायची. म्हणजे आवाज पुढं पुढं जाईल आणि रानातल्या माणसांना कळेल. फौजदार म्हणाले, "शाब्बास बाई. हे आम्हाला सुचलं नसतं." त्यांनी वहीत लिहून घेतलं. तात्यांनी टाळी वाजवली. त्या रात्री आबांनी ही हकीकत आत्याला दोनदा सांगितली, पण तिला ऐकायला कमी येत होतं, तिनं नुसतं हूं केलं.

सगळ्या बैठकीत एकालाही आठवलं नाही, की आमच्याकडं थाळी आणखी एका कामाला वाजते. मूल जन्मलं, की त्याच्या कानाशी थाळी वाजवायची चाल होती. मूल रडलं नाही, तर रडेपर्यंत वाजवायची. मला तर आठवायलाच हवं होतं. पण आठवणार कसं? गेली पाचसहा वर्षं मीच घरोघर फिरून ओरडत होते, की घरी बाळंतपण करू नका, दवाखान्यात जा, ही थाळ्या-बिळ्या वाजवायची थेरं बंद करा. आत्या पूर्वी सगळ्या वस्तीची बाळंतपणं करायची. तिलाही मी दम देऊन बसवलं होतं. माझं सगळ्यांनी ऐकलं. वस्तीत थाळी वाजायची बंद झाली होती, म्हणून तर ती खुणेसाठी मोकळी सापडली.

फौजदारांनी सरावही घेतला. एका टोकाच्या घरानं थाळी वाजवली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आवाज उठत गेला आणि माणसं काठ्या घेऊन चारी बाजूंनी आली. फौजदारांनी हातावरचं घड्याळ बघून मान डोलावली. माझ्या अंगावर मात्र काटा आला होता. नुसता सराव होता, हे माहीत असूनही पळत येणाऱ्या त्या माणसांची तोंडं मला ओळखीची वाटेनात. हे मी कुणाला बोलले नाही. पुढं एक स्टो दुरुस्त करणारा सापडला, त्याला लिंबाला बांधून ठेवला, ओळख पटल्यावर सोडला. तो हसत हसत गेला, पण त्याच्या पायजम्याकडं माझं लक्ष गेलं होतं. तो भिऊन ओला झाला होता.

आता बहिणीचं. तिचं पहिलं बाळंतपण. तिच्या सासूबाईंचं म्हणणं, पोरगी बारामतीतच राहू दे, नवरा जवळ, दवाखाना जवळ. त्यांचं बरोबर होतं. मीच हट्टाला पेटले. पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि आई नाही म्हणून माझ्या बहिणीला माहेर नाही, असं कुणी म्हणायला नको. सांगवीला जाऊन मी शब्द दिला: आठवडाभर आधी मी स्वतः बारामतीला नेऊन ठेवते, आणि बाळ-बाळंतीण सुखरूप तुमच्या हातात देते. सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या भरोशावर धाडतीय बघा." मी म्हणाले, निर्धास्त ऱ्हावा.

दिवस भरायला पंधरा दिवस होते. वार गुरुवार, एमआयडीसीला सुट्टी, म्हणून पाव्हणे, म्हणजे आमचे जावई, बायकोला भेटायला आले होते. लग्न सांगवीला झालेलं, त्यामुळं आमच्या चार घरांपलीकडं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. आबा सकाळीच इंदापूरला गेलेले. जेवणं झाली. बहीण ताट घेऊन अंगणात गेली आणि तिथंच खाली बसली. "आक्का," एवढंच म्हणाली. मी बघितलं तर पायाखाली पाणी.

पाव्हण्यांनी तिला उचलून आत आणलं. त्यांच्या हाताला, बनियनला रक्त लागलं. शर्ट त्यांनी आधीच काढून ठेवला होता, जेवताना उकडत होतं म्हणून. मी म्हणाले, वेळ असतो पहिलटकरणीला, गाडी बघू. पण कसला वेळ! आत्यानं पोटाला हात लावला आणि म्हणाली, "आता कुठं हालवायचं न्हाय हिला." माझ्या पाचावर धारण बसली. इतकी वर्षं बायकांना उपदेश करत होते, पण प्रत्यक्ष बाळंतपण मी एकदाही डोळ्यानं पाहिलं नव्हतं. आत्या सांगेल ते देत होते. पाणी, कपडा, दोरा, ब्लेड. बहीण माझं मनगट धरून होती, तिची नखं रुतली होती.

मुलगी झाली. निळी. आणि गप्प.

आत्यानं पायाला धरून उलटी केली, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून साफ केलं, फुंकर मारली. काही नाही. बहीण विचारत होती, "रडलं का गं? आक्का, रडलं का?" आत्या म्हणाली, "थाळी आण." आणि मी माझ्या हातानं फळीवरची पितळी थाळी काढली, पळी काढली, आणि तिला दिली. डोक्यात दुसरं काही नव्हतं. पोरगी रडली पाहिजे, एवढंच होतं.

आत्यानं थाळी बडवायला सुरुवात केली. तिला ऐकायला कमी, त्यामुळं ती जीव खाऊन बडवत होती. घर दणाणलं. आणि तेवढ्यात मी खाली बघितलं, तर बहिणीखालचं पटकूर लाल भिजून ओघळ कोपऱ्याकडं चाललेला. नाळेमागची वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं. मी ओसरीकडं तोंड करून किंचाळले, "पाव्हणं, गाडी! कुठली मिळंल ती गाडी आणा, हिचं रक्त थांबंना!" पाव्हण्यांनी विचारलं नाही, कुठनं, कशी. उसातनं रस्त्याला जायची पाऊलवाट त्यांनी बघितली होती. तिकडनं वडापच्या, माणसं भरून नेणाऱ्या जीपा जायच्या. पायात चप्पल न घालता ते तसेच पळाले.

शेजारच्या घरातनं थाळी वाजली.

मला आधी वाटलं, आत्याचाच आवाज फिरून येतोय. मग त्याच्या पलीकडच्या घरातनं वाजली. मग कालव्याकडनं. आणि मग मला कळलं. तोंडचं पाणी पळणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या क्षणी समजलं. मी आत्याच्या हातातली थाळी ओढली, ती मला शिव्या द्यायला लागली, "अगं रडंना ती, सोड." मी सोडली नाही. आमची थाळी बंद पडली. पण आता वीस घरांतनं वाजत होत्या. मीच ठरवलं होतं ना, जिला ऐकू येईल तिनं वाजवायची. बायका आतनं कड्या लावून, डोळे मिटून वाजवत असणार. त्यांना कुणी सांगायचं थांबा म्हणून? सुरू करायची खूण आम्ही ठरवली होती. थांबायची ठरवलीच नव्हती.

मी पोरीकडं बघितलं. तिचं तोंड उघडल्यासारखं वाटलं. रडत होती का जांभई देत होती, का नुसतंच उघडं पडलं होतं, त्या दणदणाटात काही कळेना. बहिणीचे ओठ हलत होते. तीच विचारणा. मी तिच्या कानाशी वाकून ओरडले, "रडली," आणि मला खरं माहीत नव्हतं.

आत बहीण, बाहेर तिचा नवरा. जायचं का थांबायचं? मी दारात उभी राहिले आणि पाय उचलेना. भ्याले होते. सरावाच्या दिवशीची ती तोंडं मला दिसत होती. आत्या माझ्याकडं न बघता बहिणीचं पोट दाबत म्हणाली, "गाडी आली का बघ, न्हायतर ही ऱ्हात न्हाय." तेव्हा पळाले.

उसात शिरल्यावर आवाजाची दिशाच कळेना. पात्यांनी तोंड कापत होतं. मी ओरडत होते, "जावई हाय, जावई हाय," आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. मग डावीकडं ऊस मोडल्याचा कडकड आवाज आला. तिकडं गेले तर पाठी दिसल्या. पाचसहा पाठी, ओळखीच्या सदऱ्यांच्या. ज्या घरातली पोरं रोज माझ्या अंगणवाडीत खिचडी खात होती, त्या घरातल्या. काठ्या वर जात होत्या, खाली येत होत्या. खाली ते पडले होते, हात डोक्यावर धरून. ते काय सांगत होते मला नंतर कळलं. "मी जावई हाय, बायको बाळंत झालीय," हेच सांगत होते. एकजण म्हणत होता, "समदं चोर असंच म्हणत्यात." बनियन, रक्त, अनवाणी पाय, अनोळखी तोंड. फौजदारांच्या वर्णनातलं एकही कमी नव्हतं.

पहिली काठी तात्यांची होती, हेही नंतरच कळलं. त्या वेळी उगारलेलीही त्यांचीच होती. मी मधे शिरले आणि ती माझ्या खांद्यावर बसली. मी ओरडले, "तात्या, मारू नका! तात्या, आमचं पाव्हणं हायती!" त्यांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ त्यांना मी ओळखूच आले नाही. मग त्यांच्या हातातनं काठी गळून पडली. खालनं पाव्हणे माझा पदर ओढत होते. त्यांचा उजवा हात कोपराच्या खाली भलतीकडंच वळला होता. "गाडी," एवढंच ते म्हणाले. "आक्का, गाडी."

पुढचं कसं झालं, मला सलग आठवत नाही. तात्या स्वतः पळाले, वयाच्या मानानं फार पळाले, आणि आपली जीप घेऊन आले. दलातल्या त्याच माणसांनी बहिणीला गादीसकट उचललं. एकजण घरोघर दारं ठोकत फिरत होता, थाळ्या बंद करा म्हणून. आम्ही रस्त्याला लागलो तरी मागं एक थाळी वाजतच होती. ती बंद झाली तेव्हा आत्याच्या मांडीवरनं किरकिर ऐकू आली. बारीक, रागावल्यासारखी. पोरगी रडत होती. कधीपासनं रडत होती कोण जाणे. मी तोंडात पदर कोंबून बसले होते. बहिणीचे डोळे अर्धे मिटले होते आणि ती आता काहीच विचारत नव्हती.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला आत घेताघेताच विचारलं, "इतका वेळ काय करत होता तुम्ही?" रक्त लागलं. तात्यांच्या पुतण्याचं जुळलं, त्यानं दिलं. उसातल्या त्या पाठींमधली एक पाठ त्याचीही होती. अंधार पडायच्या आत बहीण वाचली असं सांगितलं. मी दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि माझे दात वाजायला लागले. थंडी नव्हती. आबा इंदापूरहून परस्पर आले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, नेमका मार लागलेल्या खांद्यावर, आणि मी तो तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी फौजदार जबाब घ्यायला यायचे होते. सकाळीच तात्या व्हरांड्यात येऊन बसले होते, टोपी मांडीवर ठेवून. मी लांब जाऊन बसले. पुतण्या मात्र चहा घेऊन आला. कप माझ्या हातात देत म्हणाला, "बाई, आबा एकलेच असत्यात वस्तीवर. तुमी हितं. आमी हावोतच म्हणा बघायला." इतक्या मायेनं म्हणाला तो. ती काळजी होती का दुसरं काही, हे मला अजून कळलेलं नाही. पण मी कप तसाच खाली ठेवला. आमची चार घरं माझ्या डोळ्यापुढं आली, त्यांच्या तिन्ही बाजूंचा ऊस आला, आणि दुपार आली.

फौजदार आले. तोच तरणा चेहरा, पण उतरलेला. बहिणीची खाट भिंतीशी, कुशीत पोरगी, शेजारच्या स्टुलावर पाव्हणे, हाताला प्लास्टर. डॉक्टर म्हणाले होते, हाड दोन ठिकाणी मोडलंय, बोटं पहिल्यासारखी वळतील का नाही, सांगता येत नाही. लेथवर काम करणारा माणूस. फौजदारांनी विचारलं, कुणी मारलं, ओळखता का? पाव्हण्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाले, "मी हितला न्हाय साहेब."

फौजदार माझ्याकडं वळले. वही उघडीच होती. ती तीच होती का दुसरी, मला बघवलं नाही. म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या समितीच्या. तुम्ही तिथं होता. प्रत्येक घर तुमच्या ओळखीचं आहे. कोण कोण होतं?"

दार उघडं होतं. व्हरांड्यातल्या बाकाचं टोक दिसत होतं, आणि त्यावर बसलेल्या माणसाचा गुडघा. मी म्हणाले, "उसात काय दिसत न्हवतं साहेब. धावपळ हुती. मी पोचस्तवर माणसं पांगली हुती."

त्यांनी ते लिहून घेतलं. वाचून दाखवलं. मी सही केली. अंगठा नाही, सही, झोकदार, अंगणवाडीच्या हजेरीवर करते तशी. ते गेले. खोलीत आम्ही तिघंच उरलो, आणि पोरगी.

पाव्हणे माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमी 'तात्या' म्हणून हाक मारली हुती, आक्का. मी ऐकली. पर म्हटलं, नाव तुमच्या वस्तीतलं हाय, तुमीच सांगाल."

भिंतीकडं तोंड करून निजलेली बहीण वळली. तिचं तोंड कागदासारखं पांढरं होतं. तिला सगळं ऐकू आलं होतं. मला वाटलं, आता बोलेल, चिडेल, लहानपणी चिडायची तशी उशी फेकून मारेल. मी तेवढ्याची वाट बघत होते.

तिनं पोरीच्या अंगावरचं फडकं नीट केलं. तिच्याशीच बोलल्यासारखी हळू आवाजात म्हणाली, "आक्का, सांगवीला निरोप धाड. सासूबाईंना म्हणावं, आमाला न्यायला या. आमी हितनंच जाणार."